रिचर्ड कोल (१९१५–२०१९): डूलिटल हल्ल्यातला सहवैमानिक — लेखासाठी नेमकी माहिती हवी आहे

वैशाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांवर एक विभाग आहे. त्यात मी लेफ्टनंट कर्नल रिचर्ड ई. कोल यांच्यावर लेख लिहिते आहे. १८ एप्रिल १९४२ ला अमेरिकेने टोकियोवर केलेल्या हवाई हल्ल्यात पहिल्या विमानात हल्ल्याचे प्रमुख जेम्स डूलिटल यांच्या शेजारी बसलेले ते हेच. एकूण ऐंशी जणांत शेवटपर्यंत हयात राहिलेलेही तेच, १०३ वर्षे जगले.

मिळतील ते लेख वाचले, पण बहुतेकांत तेच सहा परिच्छेद फिरून येतात: जहाजावरून उड्डाण, बॉम्ब, पॅरॅशूट आणि मग थेट शंभरावा वाढदिवस. मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

१. एवढे जड दोन इंजिनांचे विमान पाचशे फुटांच्या आत उडाले कसे? इंधनाचा हिशेब काय होता?
२. सहवैमानिकाचे नेमके काम काय? 'शेजारी बसले होते' एवढ्यावर लेख होत नाही.
३. १९४२ नंतर काय? ते भारतात होते असा एका ओळीचा उल्लेख सापडला. कुठे, कधी, कशासाठी?

घरसंसाराबद्दल खात्रीचे काही असेल तर तेही सांगा. आकडे चुकीचे छापायचे नाहीत, म्हणून इथे विचारते आहे.

---

पिस्टन_इंजिन

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देतो. लांब होईल, पण मुळात हा सगळा हिशेबाचाच खेळ होता.

विमान बी-२५बी मिचेल. राइट कंपनीची दोन आर-२६०० इंजिने, प्रत्येकी १,७०० अश्वशक्ती. पंख साडेसदुसष्ट फुटांचे आणि न दुमडणारे, त्यामुळे ही विमाने जहाजाच्या लिफ्टमधून खाली नेता येत नव्हती. सोळाच्या सोळा हॉर्नेट या विमानवाहू जहाजाच्या डेकवर मागच्या बाजूला बांधून ठेवली होती. म्हणूनच पहिल्या विमानाला सगळ्यात कमी जागा मिळाली: ४६७ फूट, म्हणजे सुमारे १४२ मीटर. मागच्या प्रत्येकाला थोडी थोडी जास्त. लेखात 'सगळ्यांना ४६७ फूट' असे लिहू नका, ही चूक फार ठिकाणी दिसते.

आता उडाले कसे. पंखाला हवेचा वेग लागतो, जमिनीवरचा नाही. जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवून जोरात हाकले की विमान जागेवर उभे असतानाच पंखांवरून चांगला वेगवान वारा वाहत असतो. उरलेला वेगच काय तो धावून मिळवायचा. त्या सकाळी समुद्र खवळलेला होता, वारा जोरदार होता. उड्डाणासाठी हे चांगले, पण डेक खालीवर होत होता हे वाईट. म्हणून क्रम असा होता:

फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) पूर्ण खाली. शेपटाचे ट्रिम नाक उचलायच्या बाजूला. ब्रेक दाबून दोन्ही इंजिने पूर्ण ताकदीवर. डेकवरचा अधिकारी हातातला झेंडा फिरवत राहतो आणि जहाजाचे नाक लाटेत खाली जायला लागले की सोडण्याची खूण करतो. विमान डेकच्या टोकाशी पोचते तेव्हा तेच नाक वर येत असते. खूण चुकली तर विमान उतरत्या डेकवरून थेट पाण्याच्या दिशेने जाणार. डेकवर दोन पांढरे पट्टे रंगवले होते, एक नाकाच्या चाकासाठी आणि एक डाव्या चाकासाठी. त्यांवर चाके ठेवली की उजव्या पंखाचे टोक जहाजाच्या मनोऱ्यापासून जेमतेम सहा फुटांवरून निघून जाई.

हे करताना सहवैमानिक काय करतो? वैमानिकाचे एक-दोन सेकंदही वाया जाऊ नयेत म्हणून बाकी सगळे तो बघतो. थ्रॉटल मागे सरकत नाहीत ना, दोन्ही इंजिनांचे फेरे आणि दाब सारखे आहेत ना, एखादे इंजिन दमते आहे का, चाके सुटली की ती वर घेणे, मग फ्लॅप हळूहळू वर. फ्लॅप घाईने घेतले तर जड विमान धपकन खाली बसते आणि खाली तर लाटा. चाके आणि फ्लॅप आत गेल्यावर कोल यांचे काम बदलले: आलटून पालटून विमान हाकणे आणि इंधनावर डोळा ठेवणे. तेरा तास.

इंधनाचे आकडे (अमेरिकी गॅलन): मूळ टाक्या ६४६. बॉम्ब ठेवायच्या कप्प्यात वरच्या बाजूला जादा टाकी २२५. त्यावरच्या सरपटत जायच्या बोळात रबरी पिशवी १६०. पोटाखालचा तोफमनोरा काढून त्या जागी ६०. शिवाय पाच गॅलनचे दहा डबे, म्हणजे ५०. एकूण १,१४१ गॅलन, सुमारे ४,३२० लिटर. डबे मागच्या माणसाने त्या ६० गॅलनच्या टाकीत ओतायचे आणि रिकामे डबे एकेक करून फेकायचे नाहीत, असा सक्त हुकूम होता. एकामागून एक डबे पाण्यावर तरंगत राहिले असते तर जहाज कुठून आले त्याची रेघच शत्रूला मिळाली असती. सगळे भोके पाडून एकदम टाकायचे.

जागा आणि वजन कुठून वाचवले हेही लिहा, वाचकांना आवडेल. खालचा तोफमनोरा गेला. लांब पल्ल्याचा जड रेडिओ गेला. नॉर्डन बॉम्बदर्शक काढले, कारण ते गुप्त होते आणि इतक्या खालून फेकताना त्याचा उपयोगही नव्हता. त्याऐवजी कॅप्टन ग्रीनिंग यांनी बनवलेला साधा पत्र्याचा दर्शक बसवला, त्याची किंमत वीस सेंट. शेपटात तोफ नव्हतीच, मग झाडूचे दांडे काळे रंगवून तिथे लावले.

गडबड कुठे झाली ते सांगतो. ठरले होते की टोकियोजवळ पुरेसे पोचल्यावर, रात्रीच्या हल्ल्याच्या हिशेबाने उडायचे. १८ तारखेच्या सकाळी निट्टो मारू नावाच्या जपानी टेहळणी बोटीने ताफा पाहिला. तेव्हा जपान सुमारे ६५० सागरी मैल दूर होता. नियोजित वेळेच्या दहा तास आधी आणि सुमारे १७० सागरी मैल मागूनच उडावे लागले. सकाळी ८:२० ला पहिले विमान सुटले, तासाभरात सोळावे. विमाने शेवटपर्यंत हलवून हलवून टाक्यांतली हवा काढली आणि तेवढ्या जागेत आणखी थोडे पेट्रोल बसवले. शेवटचे विमान सोडताना डेकवरच्या एका खलाशाचा हात पंख्यात गेला, हेही विसरू नये.

टोकियोवर पहिल्या विमानाने १,२०० फुटांवरून आगलावे बॉम्ब टाकले. पाचशे पौंडांचे चार, सगळेच आगलावे. मागच्या विमानांपैकी बहुतेकांकडे तीन स्फोटक आणि एक आगलावा.

---

वैशाली_सोलापूर

पिस्टन_इंजिन, मनापासून आभार. डबे एकदम टाकायचे कारण कुठेच वाचले नव्हते.

एक पोटप्रश्न. उडी मारण्यापेक्षा कुठेतरी उतरता आले नसते का? आणि दहा तास आधी, इतक्या लांबून उडाले तर पेट्रोल चीनपर्यंत पुरले कसे?

---

पिस्टन_इंजिन

पुरले ते वाऱ्यामुळे. जपान सोडल्यावर हिशेब असा होता की किनारा दिसण्याआधीच टाक्या रिकाम्या होतील. नॅव्हिगेटर पॉटर यांनी तसे सांगितलेही होते. पण मग पाठीमागून सुमारे २५ नॉटचा वारा मिळाला आणि तो सात तास टिकला. १७५ सागरी मैल फुकटात मिळाले. जवळपास तेवढेच अंतर सकाळी लवकर उडाल्यामुळे वाढले होते.

उतरायचे ठिकाण चुचौ, आजचे झेजियांग प्रांतातले चुझोउ. तिथून रेडिओ खूण मिळायला हवी होती, ती मिळालीच नाही. खूण देणारी यंत्रे घेऊन निघालेले विमान वाटेत कोसळले होते. त्यातून रात्र, पाऊस, ढग आणि खाली डोंगर. अशा वेळी विमान खाली आणणे म्हणजे आंधळेपणाने डोंगरात घुसणे. इंधन संपेपर्यंत जमेल तितके आत, जमिनीवर जायचे आणि मग उडी मारायची, हाच शहाणपणाचा मार्ग होता. ज्यांनी किनाऱ्याजवळ पाण्यात किंवा वाळूवर उतरायचा प्रयत्न केला त्यांच्यातल्या काहींना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

पहिल्या विमानातून आधी ब्रेमर, पॉटर आणि लेनर्ड हे तिघे, मग कोल आणि शेवटी डूलिटल यांनी उडी मारली. उंची साधारण ९,००० फूट. कोल यांची ही आयुष्यातली पहिलीच उडी. दोरी इतक्या जोरात ओढली की स्वतःचीच मूठ डोळ्यावर बसली आणि डोळा काळानिळा झाला. छत्री पाइनच्या झाडात अडकली. खाली किती खोल आहे ते अंधारात दिसेना, म्हणून त्यांनी झाडावरच छत्रीचा झोळणा करून रात्र काढली. सकाळी उतरून होकायंत्र धरून पश्चिमेला चालत राहिले आणि संध्याकाळी चिनी सैन्याच्या ठाण्यावर पोचले. तिथे डूलिटल आधीच आले होते.

एक विमान वेगळ्या दिशेला गेले तेही तुमच्या उपयोगाचे आहे. कॅलिफोर्नियात मॅक्लेलन तळावर तपासणीत कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जुळण्या चालकांना न विचारता बदलल्या गेल्या. फ्लोरिडात खास लांब पल्ल्यासाठी त्या कमी पेट्रोल खातील अशा लावल्या होत्या. हल्ल्यातलेच एक वैमानिक यॉर्क यांच्या विमानाने इतके जास्त पेट्रोल प्यायले की चीन गाठणे अशक्य झाले आणि ते व्लादिव्होस्तोकजवळ सोव्हिएत भूमीवर उतरले. ते पाच जण तिथे स्थानबद्ध झाले आणि १९४३ च्या मे महिन्यात इराणमार्गे सुटले.

---

बराक_काठ

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. माझ्या मते तुमच्या लेखाचा गाभा हाच असायला हवा, कारण कोल यांचे युद्ध खऱ्या अर्थाने भारतातच झाले. टोकियोवर ते काही मिनिटे होते. आसामात आणि आसामच्या आकाशात वर्षाहून जास्त.

हल्ल्यानंतर डूलिटल अमेरिकेला परतले, कोल मात्र चीन–ब्रह्मदेश–भारत आघाडीवरच थांबले, जून १९४३ पर्यंत. ब्रह्मदेश पडला होता, ब्रह्मी रस्ता बंद झाला होता. चीनला माल पोचवायला आसामच्या वरच्या भागातले दिंजान, चबुआ असे तळ आणि तिथून पटकाई, नागा डोंगर आणि पलीकडच्या रांगा ओलांडून कुनमिंग, एवढाच रस्ता उरला. वैमानिक त्याला 'हंप' म्हणत. अंतर सुमारे पाचशे मैल. कोल यांनी या वाटेवर मालवाहू विमाने चालवली.

तिथे काय बिघडायचे ते मुद्दाम लिहा. पंखांवर बर्फ चढला की वजन वाढते आणि पंखाचा आकार बिघडतो, विमान उंची धरत नाही. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला की इंजिन श्वास कोंडल्यासारखे बंद पडते. आडवा वारा इतका जोरदार की नकाशावरचा हिशेब तासाभरात खोटा ठरतो आणि रांगेतले मोकळे खिंडार म्हणून ज्यात शिरलो तो भलताच डोंगर निघतो. खाली जंगल, उतरायला जागा नाही. १९४५ पर्यंत या वाटेने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि शेकडो विमाने पडली.

दुसरी फेरी ऑक्टोबर १९४३ ते जून १९४४. फिलिप कॉक्रन आणि जॉन ॲलिसन यांचे पहिले एअर कमांडो दल, अमेरिकी हवाई दलाची खास तुकडी. काम: ब्रिटिश सेनानी विंगेट यांच्या चिंडिट नावाच्या तुकड्यांना ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे उतरवणे. तळ दक्षिण आसामात बराक खोऱ्यातले लालाघाट आणि हैलाकांदी.

५ मार्च १९४४ ची रात्र. उतरायची ठिकाणे दोन, सांकेतिक नावे ब्रॉडवे आणि पिकाडिली. निघायच्या अगदी तोंडावर हवाई छायाचित्र आले: पिकाडिलीच्या माळावर लाकडाचे ओंडके पसरलेले. सगळी ग्लायडर (दुसऱ्या विमानाने ओढून न्यायची बिनइंजिनाची विमाने) ब्रॉडवेकडे वळवली. एकेक सी-४७ मालवाहू विमान दोन-दोन वाको ग्लायडर नायलॉनच्या दोरांवर ओढत होते. कोल अशी ओढणारी विमाने चालवणाऱ्यांपैकी. एका ग्लायडरलाच ताकद लागते, दोघांना ओढत चिन टेकड्यांच्या वर चढायचे म्हणजे इंजिने तापतात, पेट्रोल हिशेबापेक्षा जास्त जाते, आणि ग्लायडर मागेपुढे झाले की दोराला झटका बसून तो तुटतो. त्यातच ग्लायडर ठरल्यापेक्षा जास्त भरले गेले होते. साठहून अधिक निघाले, ब्रॉडवेला जेमतेम निम्मे पोचले. तिथेही जमिनीतल्या चाकोऱ्यांनी चाके मोडली आणि मागून येणारे पुढच्यावर आदळले. तरीही आत पोचलेल्या अभियंत्यांनी छोट्या बुलडोझरने दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सी-४७ उतरेल अशी पट्टी तयार केली. पुढच्या आठवडाभरात नऊ हजारांवर सैनिक आणि हजारावर खेचरे आकाशातून आत गेली.

मराठी वाचकासाठी एक धागा आहे, ताणून जोडलेला नाही. त्याच मार्चमध्ये, २२ ते २६ तारखांना, मणिपुरात सांगशाक इथे ४/५ मराठा लाइट इन्फंट्री पन्नासाव्या भारतीय पॅरॅशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांना अडवून लढत होती. एकाच मोहिमेच्या दोन बाजू. कोल आणि ते सैनिक भेटले असे मात्र लिहू नका, त्याला आधार नाही.

आणि विंगेट २४ मार्चला विष्णुपूरजवळच्या टेकड्यांत ज्या विमानाच्या अपघातात गेले तेही एअर कमांडो दलाचे बी-२५च होते.

---

जुनी_कात्रणे

घरसंसार आणि उत्तरायुष्य. घरच्या लोकांची नावे मी मुद्दाम टाळतो, तुम्हीही टाळली तर बरे. पत्नी आणि मुले एवढे पुरे.

जन्म ७ सप्टेंबर १९१५, डेटन, ओहायो. राइट बंधूंचे गाव. पोरवयात सायकलवरून मॅककुक फील्डला जाऊन विमाने बघत असत. ओहायो विद्यापीठात दोन वर्षे, मग नोव्हेंबर १९४० मध्ये भरती, १९४१ च्या जुलैत वैमानिक म्हणून अधिकारीपद. १७ व्या बॉम्ब ग्रुपमध्ये नेमणूक. डूलिटल यांच्या शेजारची जागा योगायोगाने मिळाली: त्यांचा मूळ वैमानिक आजारी पडला आणि त्या चमूत डूलिटल स्वतः आले.

लग्न १९४३ मध्ये. वर बराक_काठ यांनी दिलेल्या तारखा या शेजारी ठेवून बघा. जूनपर्यंत पहिली फेरी, त्याच वर्षी लग्न, आणि ऑक्टोबरपासून पुन्हा आसाम. हंपवरून जिवंत परतलेल्या माणसाने नवा संसार मागे ठेवून ग्लायडर ओढायला जाणे, हा माझ्या मते त्यांच्या धैर्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि त्यात पत्नीचा वाटा तेवढाच. पुढे पाच मुले झाली, संसार साठ वर्षांच्या आसपास टिकला. पत्नी २००३ मध्ये वारल्या.

१९४७ च्या जानेवारीत सेवेतून मोकळे झाले, ऑगस्टमध्ये परत रुजू. १९५९ ते १९६२ व्हेनेझुएलाच्या हवाई दलाचे सल्लागार. १९६६ च्या अखेरीस लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्ती. तीन डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस पदके. मग टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे खोऱ्यात संत्र्या-पपनसाची बाग, नंतर कम्फर्ट नावाच्या छोट्या गावात घर. वयाच्या नव्वदीनंतरही कार्यक्रमांत सह्या देत आणि त्याचे पैसे डूलिटल यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीला जात.

चांदीच्या पेल्यांबद्दल, कारण तिथे हमखास चुका होतात. १९५९ मध्ये टूसॉन शहराने ऐंशी पेले दिले, प्रत्येकावर एकाचे नाव दोनदा कोरलेले, एकदा सुलट आणि एकदा उलट. माणूस गेला की पेला पालथा करायचा, म्हणजे नाव तरीही वाचता येते. सोबत १८९६ ची कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), कारण ते डूलिटल यांचे जन्मसाल. मूळ बेत असा की शेवटच्या दोघांनी ती उघडावी. पण वये पाहून ९ नोव्हेंबर २०१३ लाच डेटनच्या हवाई दल संग्रहालयात ती उघडली. तेव्हा चौघे हयात होते. कोल, सेलर आणि थॅचर हजर, हाइट प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. जानेवारी २०१५ ला सेलर, मार्चला हाइट, जून २०१६ ला थॅचर गेले. १९४२ चा हल्ला झाला त्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी कोल एकटे होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या नव्या बॉम्बफेकी विमानाचे बी-२१ 'रेडर' हे नाव त्यांनीच जाहीर केले. निधन ९ एप्रिल २०१९, सॅन अँटोनिओ. १८ एप्रिलला, हल्ल्याच्या सत्त्याहत्तराव्या स्मृतिदिनी, रँडॉल्फ तळावर श्रद्धांजली सभा झाली आणि तिथे शेवटचा पेला पालथा केला. मरणोत्तर कर्नल हा हुद्दा २०२१ मध्ये मिळाला, म्हणून १९६६ च्या संदर्भात 'कर्नल कोल' लिहू नका.

चिनी लोकांना विसरू नका, ही कळकळीची विनंती. ऐंशीपैकी तिघे त्याच रात्री उडी मारताना किंवा बुडून गेले, आठ जपान्यांच्या हाती सापडले, त्यातल्या तिघांना १५ ऑक्टोबर १९४२ ला गोळ्या घातल्या आणि एक कैदेत वारला. उरलेल्यांना ज्यांनी लपवले, खाऊ घातले, नदीपार पोचवले त्या झेजियांग–जियांग्शीच्या गावांवर जपानी सैन्याने सूड उगवला. मृतांचा अंदाज अडीच लाख असा दिला जातो. लेखात याला निदान एक पूर्ण परिच्छेद द्या.

---

वैशाली_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखाचा आराखडाच बदलला. आसामचा भाग आता मधोमध घेते आहे आणि चीनच्या गावांचा परिच्छेद नक्की असेल. चित्रे निवडायची राहिली आहेत. बी-२५ ची जी मिळतात त्यांतली बहुतेक या हल्ल्याचीच आहेत का?

---

पिस्टन_इंजिन

नाही, आणि इथेच अंक फसतात. आज उडणारी, रंगवलेली बहुतेक विमाने बी-२५जे प्रकारची आहेत, युद्धाच्या उत्तरार्धातली. ओळख सोपी. जे प्रकारात वरचा तोफमनोरा पुढे, चालकांच्या खोलीमागे लगेच असतो. बी प्रकारात तो मागे, पंखाच्या पलीकडे. जे च्या नाकाशेजारी बाहेरून तोफांच्या पेट्या चिकटवलेल्या दिसतात, बी ला नाहीत. जे च्या शेपटात खऱ्या तोफा आणि माणसाची काचेची खोली, बी ला ती नाही.

जहाजाचेही तसेच. त्या युद्धात हॉर्नेट नावाची दोन विमानवाहू जहाजे होती. तुम्हाला हवे ते क्रमांक ८ चे. ते २६ ऑक्टोबर १९४२ च्या सांताक्रूझच्या लढाईत निकामी झाले आणि बुडाले. नंतरचे क्रमांक १२ चे आज कॅलिफोर्नियातल्या अलामेडात संग्रहालय म्हणून उभे आहे. २ एप्रिल १९४२ ला जुने हॉर्नेट याच गावाहून निघाले असल्यामुळे मथळे हमखास चुकतात. डेकवर दाटीने बांधलेली मिचेल विमाने दिसत असतील तर छायाचित्र बरोबर. आणि पहिल्या चमूचे छायाचित्र घेतलेत तर पाचही नावे द्या: डूलिटल, कोल, पॉटर, ब्रेमर, लेनर्ड. लेनर्ड जानेवारी १९४३ मध्ये अल्जीरियात बॉम्बहल्ल्यात मारले गेले. मथळ्यात जागा असेल तर तेही लिहा.